मेणाची रेघ आणि पाण्याचा रंग

पांढऱ्या कागदावर पांढऱ्या मेणबत्तीने काहीतरी काढायचे आणि वरून पातळ निळा रंग फिरवायचा. इतका वेळ न दिसणारे चित्र रंगातून वर येते. हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी वर्गात करवून घेतलेला असेल. पावसामुळे खेळाचा तास बुडाला की शिक्षकांच्या पोतडीतून जे चार-दोन हमखास प्रकार बाहेर येतात, त्यांतला हा एक. खर्च नाही, पसारा बेताचा आणि मुले अर्धा तास गुंग. 'जादूचे चित्र' असे नाव दिले की आपले काम संपते. या लेखात त्या जादूचा इतिहास सांगायचा आहे. तो शोधताना माझी स्वतःची एक समजूत बदलली, म्हणून तो तुमच्यापुढे ठेवावासा वाटतो.

निमित्त साधे होते. कोणत्या पृष्ठभागावर पाणी पसरते आणि कोणत्यावर ते थेंब होऊन बसते, हे मोजणे हा माझा व्यवसाय. मुलीच्या शाळेतल्या बाईंना हे कळले तेव्हा त्यांनी पाचवीच्या वर्गावर एक तास घेण्याची गळ घातली. मेणबत्तीचे चित्र करू या, असे ठरले. बाईंनी हौसेने घरचे एक जुने रशियन चित्रांचे पुस्तक आणले. सोव्हिएत बालपुस्तकांची मराठी भाषांतरे १९७० आणि १९८० च्या दशकांत आपल्याकडे अगदी स्वस्तात मिळत, आणि १९९१ मध्ये तो देशच उरला नाही तेव्हा तो ओघही आटला. माझ्या वयाच्या अनेकांच्या घरी त्यांतली एक-दोन अजून जपून ठेवलेली असतात. बाईंच्या पुस्तकात समुद्रतळाचे एक सुरेख पान होते. मुलांना सोपे जावे म्हणून त्यांनी त्यातला मासा फळ्यावर मोठा काढून दिला. तासाच्या शेवटी आमच्याकडे ३८ चित्रे जमली, आणि त्या सगळ्यांवर मासा एकच होता.

दुसरा घोळ माझा. आदल्या रात्री रंगाच्या वड्या पाण्यात लवकर विरघळेनात, म्हणून मी शहाणपणा करून एका बाटलीत भांडी घासायच्या द्रवरूप साबणाची धार सोडली होती. ती बाटली ज्या रांगेला मिळाली तिथे रंग मेणावरूनही बिनदिक्कत पसरला. मासे बुडाले. 'काका, आमच्या रांगेत जादू का नाही?' या प्रश्नाचे उत्तर देणे भाग होते, आणि ते तसे अवघडही नव्हते. माशाच्या ३८ नकलांचे काय करायचे, याचे उत्तर मात्र मला सापडायला बराच काळ लागला.

आधी सोपे उत्तर. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट ओढून धरतात. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन, म्हणजे नेहमीच्या द्रवांत चांगलाच मोठा. कागद हा सेल्युलोजचा. त्याच्या लांबलचक रेणूंवर जागोजागी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या असतात. पाणी त्यांना चटकन चिकटते आणि तंतूंमधल्या फटींतून आत शिरते. मेणबत्तीचे मेण म्हणजे पॅराफिन. त्यात कार्बनच्या साखळ्या आणि त्यांना लागलेले हायड्रोजन, एवढेच. पाण्याने धरावे असे तिथे काही नसते. त्यामुळे पाणी स्वतःलाच धरून बसते आणि थेंब उभा राहतो. गुळगुळीत पॅराफिनवर पाण्याचा स्पर्शकोन १०५ अंशांच्या पुढे जातो. या कोनाचा विचार टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने १८०५ मध्ये मांडला. साबण घातला की पृष्ठताण निम्म्याहून खाली येतो, थेंबाची स्वतःला धरून ठेवायची ताकद जाते आणि तो मेणावर लोळण घेतो. पाण्यावरच्या अशा अदृश्य थरांचा नीट अभ्यास प्रथम केला तो आग्नेस पोकेल्स या जर्मन तरुणीने, घरच्या स्वयंपाकघरात, पत्र्याच्या पन्हाळीत पाणी भरून. तिला विद्यापीठात शिकायला मिळाले नव्हते. तिचे पत्र लॉर्ड रॅले यांनी 'नेचर'कडे पाठवले आणि ते १८९१ मध्ये छापून आले. मुलांना ही गोष्ट फार आवडते, विशेषतः मुलींना.

मेण लावून पाणी अडवायची युक्ती आपल्याला नवी नाही. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या कलमकारीत निळ्या रंगासाठी कापड नीळीच्या कुंडात बुडवावे लागे. जिथे निळा नको तिथे आधी वितळलेले मेण फासत, आणि काम झाल्यावर उकळत्या पाण्यात ते काढून टाकत. राजस्थानात मेणाऐवजी चिखलाचा लेप देतात, बांधणीत दोऱ्याची गाठ तेच काम करते. इजिप्तमध्ये कैरोजवळ फुस्तात येथे मध्ययुगीन कापडाचे जे शेकडो तुकडे सापडले, त्यांत गुजरातेतून गेलेले, अशाच तऱ्हेने रंग अडवून छापलेले कापड आहे. कापडाच्या या इतिहासावर स्वतंत्र लेख लिहिता येईल. आपल्याला कागदाकडे वळायचे आहे.

जलरंगात पांढरा रंग वापरायचा नाही, कागदाचा पांढरा राखायचा, ही जुनी शिस्त. पण झाडीच्या अंधारातून चमकणारी बारीक फांदी किंवा धबधब्याचे तुषार राखायचे कसे? फ्रान्सिस निकल्सन या इंग्रज चित्रकाराने मधमाशांचे मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून, त्यात थोडा पांढरा मिसळून, ते कुंचल्याने लावायची पद्धत काढली. नंतर वरून कितीही गडद रंग द्या, मेणाखालचा कागद सुरक्षित. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने १७९९ मध्ये ती प्रसिद्ध केली. म्हणजे आपले 'जादूचे चित्र' सव्वादोनशे वर्षांपूर्वी मोठ्या माणसांचे व्यावसायिक गुपित होते. हे निकल्सन पुढे म्हातारपणी एका नव्या छपाईकलेच्या नादी लागले. त्या कलेचा पायाही हाच होता, चरबी आणि पाणी यांचे न पटणे.

ती कला म्हणजे लिथोग्राफी, आपल्या जुन्या मराठी शब्दात शिळाछाप. तिचा जनक आलोइस सेनेफेल्डर हा नटाचा मुलगा, कायद्याचे शिक्षण अर्धवट सोडलेला, नाटके लिहिणारा. आपली नाटके छापायला पैसे नाहीत म्हणून म्युनिकमध्ये तो स्वतःच छपाईचे प्रयोग करू लागला. १७९६ मध्ये एकदा परटीण दारात उभी होती आणि कपड्यांची यादी लिहायला घरात कागद नव्हता. त्याने ती हाताशी असलेल्या गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर मेण, साबण आणि काजळीच्या शाईने लिहिली. नंतर त्याला वाटले, या दगडावर आम्ल ओतून पाहावे. अक्षरांभोवतीचा दगड झिजला, अक्षरे किंचित उंच राहिली. परटिणीची ही गोष्ट त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. पण खरा शोध आणखी दोनएक वर्षांनी लागला. उंचसखलपणाची गरजच नाही, हे त्याच्या लक्षात आले. दगड सपाट असू द्या. त्यावर चरबीयुक्त खडूने रेघ काढा, दगड पाण्याने ओला करा, मग तेलकट शाईचा रूळ फिरवा. ओला दगड शाई घेत नाही, चरबीची रेघ पाणी घेत नाही पण शाई घेते. कागद दाबा, रेघ उमटली.

यातले रसायन वर्गात सांगण्यासारखे आहे. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. खडूतल्या साबणाची मेदाम्ले दगडातल्या कॅल्शियमला धरून न विरघळणारा साबण बनवतात, तोच जो खाऱ्या पाण्यात बादलीच्या कडेला साचतो. म्हणून रेघ दगडात मुरते. उरलेल्या दगडाला बाभळीच्या जातीचा डिंक लावतात, तो पाणी धरून ठेवतो. गंमत म्हणजे आपल्या जलरंगाच्या वडीतही तोच डिंक असतो. दगड उत्तम मिळतो तो बव्हेरियात झोलनहोफेन येथे. तिथे छपाईसाठी फरशा काढताना १८६१ मध्ये एका पिसाचा आणि पाठोपाठ पक्ष्यासारख्या प्राण्याचा जीवाश्म सापडला. आर्किऑप्टेरिक्सच्या शास्त्रीय नावात 'लिथोग्राफिका' हा शब्द आहे तो यामुळे.

आपल्या लक्षात आले असेल, मुलांच्या हातातला मेणखडू हा या छापखान्यातल्या खडूचा धाकटा भाऊ आहे. पॅराफिन स्वस्त झाले ते खनिज तेलामुळे. अमेरिकेत बिनी अँड स्मिथ कंपनीने ८ रंगांची क्रेयोला पेटी ५ सेंटला विकायला काढली ती १९०३ मध्ये. मेणाला टणकपणा यावा म्हणून खडूत स्टिअरिक आम्ल घालतात, हेही मेदाम्लच. पण छापखान्यात खडू यापूर्वी शंभर वर्षे वापरात होता.

महाराष्ट्रात शिळाप्रेस लवकर आला. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापाचे पंचांग काढले. पुण्याची चित्रशाळा १८७८ ची, आणि रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला, पुढे मळवलीला गेला. देवघरातली लक्ष्मी आणि सरस्वती घराघरांत पोचल्या त्या या दगडांवरून. पण इथे एक गोष्ट पाहायला हवी. रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. चित्रकाराने तैलरंगात चित्र करायचे, आणि कारागिराने ते न्याहाळून लाल किती, पिवळा किती असे मनाशी ठरवत एकेका दगडावर पुन्हा काढायचे. चित्रकार आणि कागद यांच्यामध्ये एक नक्कल करणारा हात होता. तो हात कितीही कसबी असला तरी तो नकलेचा. मूळ तैलचित्र आणि त्याची छापील प्रत ज्यांनी शेजारी शेजारी पाहिली आहे, त्यांना चेहऱ्यात काय हरवते ते वेगळे सांगायला नको.

मुलांच्या पुस्तकांत हा मधला हात किती त्रासदायक होतो, हे एका डॉक्टरने फार लवकर ओळखले. फ्रँकफर्टच्या हाइनरिश हॉफमान यांनी १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक शोधले. दुकानात मिळाली ती उपदेशाची कंटाळवाणी पुस्तके. मग त्यांनी कोरी वही आणून स्वतःच चित्रे आणि गाणी रचली. पुढच्या वर्षी ती शिळाछापावर निघाली आणि 'श्ट्रूव्हेलपेटर' नावाने जगभर गेली. आपल्या चित्रांना ओबडधोबडपणा आहे आणि तोच मुलांना आवडतो, याची हॉफमानना कल्पना होती. म्हणून दगडावर चित्रे उतरवणाऱ्या कारागिराने ती 'सुधारू' नयेत यासाठी ते रोज छापखान्यात जाऊन एकेक रेघ तपासत. (त्यातल्या गोष्टी आज आपण मुलांना वाचून दाखवणार नाही, इतक्या त्या भीतिदायक आहेत. पण तो वेगळा मुद्दा.)

आता मला बाईंच्या फळ्यावरचा मासा आठवू लागला. पुस्तकातला मासा बाईंनी फळ्यावर उतरवला आणि फळ्यावरचा मुलांनी कागदावर. म्हणजे आमच्या वर्गात ३८ नकलेचे हात तयार झाले होते. चित्रांचे पुस्तक पाहून स्फूर्ती घ्यायची ती हीच का? आपल्याकडे दोन डोंगर, मधून सूर्य, एक नारळ आणि एक झोपडी हे चित्र किती पिढ्या चालत आले आहे, ते आपण जाणतोच.

या प्रश्नाला कुणीतरी भिडले असेल म्हणून शोधू लागलो, तर पहिला माणूस भेटला जपानमध्ये. यामामोतो कानाए हा लाकडी ठशांचा चित्रकार. जपानी परंपरेत रेखाटणारा एक, लाकूड कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा. यामामोतोने १९०४ मध्ये एका कोळ्याचे चित्र स्वतः रेखाटले, स्वतः कोरले, स्वतः छापले, आणि त्यातून तिथे एक नवी चळवळच उभी राहिली. पुढे फ्रान्समध्ये शिकून रशियामार्गे परतताना त्याने मॉस्कोत मुलांची चित्रे पाहिली. जपानी शाळांत तेव्हा चित्रकलेच्या तासाला छापील नमुना समोर ठेवून त्याबरहुकूम काढायचे असा नियम होता. यामामोतोने नमुन्याची पुस्तके बंद करा, मुलांना डोळ्यांनी पाहिलेले काढू द्या, असा आग्रह धरला आणि १९१९ मध्ये नागानो प्रांतात मुलांच्या मुक्त चित्रांचे प्रदर्शन भरवले. नमुना गिरवायला टोकदार पेन्सिल पुरते, पण मनाने काढायला रंग भरभरून हवेत. त्याच वातावरणात ओसाकाच्या साकुरा कंपनीने १९२५ मध्ये मेणखडू आणि पेस्टल यांच्या मधला, तेल मिसळलेला मऊ खडू बाजारात आणला. आपली मुले आज ज्याला 'ऑइल पेस्टल' म्हणतात तो हा. म्हणजे आपल्या उपक्रमातले हे एक साधन नकलेविरुद्धच्या भांडणाच्या दिवसांतच जन्मले.

नेमक्या त्याच वर्षांत लेनिनग्राडमध्ये व्लादिमीर लेबेदेव आणि त्याचे सहकारी मुलांसाठी पातळ, स्वस्त, रंगीत पुस्तके करत होते. मजकूर बहुधा सामुइल मार्शाक यांचा. चित्रकार स्वतः खडू घेऊन दगडावर रेखाटत, त्यामुळे छापील पानावर खडूचा दाणा जसाच्या तसा दिसे. ही पुस्तके पॅरिसमध्ये पोचली, आणि १९३१ पासून पोल फोशे यांनी 'पेर कास्तोर' ही मालिका सुरू केली. ती नोएल कॅरिंग्टन या इंग्रज संपादकाने पाहिली. हे गृहस्थ पहिल्या महायुद्धानंतर काही वर्षे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेससाठी भारतात काम करून गेले होते. सहा पेन्सांत मुलांना उत्तम चित्रांचे पुस्तक देता येईल, फक्त मधला कारागीर काढून टाका, चित्रकारालाच दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर काढायला लावा, असा त्यांचा हिशेब होता. पेंग्विनच्या अॅलन लेन यांना तो पटला आणि १९४० च्या अखेरीस, लंडनवर बाँब पडत असताना, पफिन चित्रपुस्तकांची पहिली चार निघाली.

मधला हात काढला तो काटकसरीसाठी, हे विसरू नये. पण त्यामुळे चित्रकाराला एक नवी सवय लागली. पूर्ण चित्र रंगवून तो मोकळा होऊ शकेना. पिवळ्यासाठी एक रेखाटन, निळ्यासाठी दुसरे, आणि दोन्ही एकमेकांवर पडले की हिरवे आपोआप. पांढरे हवे तिथे कुठल्याच दगडावर काही काढायचे नाही. हे सगळे मनात आधी रचून मग हात लावायचा. मेणबत्तीने चित्र काढणाऱ्या मुलाला हेच करावे लागते. जे उजळ राहायला हवे ते आधी ठरवायचे, दिसत नसताना काढायचे, आणि अंधार शेवटी ओतायचा.

त्याच १९४० च्या शरद ऋतूत लंडनमध्ये आणखी एक घटना घडत होती. बाँबवर्षावापासून बचावासाठी हजारो माणसे भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपू लागली होती. हेन्री मूर या शिल्पकाराने सप्टेंबरमध्ये एका रात्री गाडीतून उतरताना ती पाहिली आणि पुढे युद्धचित्रकार म्हणून १९४१ पर्यंत तीच रेखाटत राहिला. अंधाऱ्या बोगद्यात ओळीने पहुडलेली, गोधड्यांत गुरफटलेली माणसे. ही चित्रे मेणखडू आणि जलरंगातली आहेत. पांढऱ्या, पिवळसर खडूने आकृत्यांच्या उजेडाच्या बाजू आधी काढायच्या, वरून काळपट रंगाचा हात द्यायचा, आणि शेवटी पेनाने रेघा. ही युक्ती त्याला कुठे मिळाली, हे त्याने पुढे सांगून ठेवले आहे. युद्धाच्या आधी कधीतरी तो लहान पुतणीला रिझवण्यासाठी चित्र काढत होता. तिने वूलवर्थच्या दुकानातून आणलेले स्वस्त मेणखडू हाताशी होते, त्यावर त्याने जलरंग फिरवला, आणि रंग मेणावर बसेना. एवढेच. विसाव्या शतकातल्या युद्धचित्रांत ज्यांची गणना होते, त्या चित्रांचे तंत्र एका मुलीच्या खडूच्या पेटीतून आले. मूर ते मुलीचे चित्र गिरवत नव्हता, तिच्या खडूकडून शिकत होता. मला हा फरक इथे प्रथम स्पष्ट दिसला.

युद्धानंतर हे दोन धागे एकत्र आले. ब्रेंडा रॉन्स्ली या तरुण विधवेने 'स्कूल प्रिंट्स' नावाची योजना चालवली. नामांकित चित्रकारांनी शाळांच्या भिंतींसाठी स्वतःच्या हाताने शिळाछापाची चित्रे काढायची, म्हणजे मुलांसमोर प्रसिद्ध चित्राची प्रत न राहता अस्सल छाप राहील. पहिला संच १९४६ चा. मग ती थेट पिकासो, मातीस यांच्याकडे गेली. इप्सविचच्या कॉवेल छापखान्याने दगडाऐवजी खरबरीत केलेला पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा तयार केला होता. तो गुंडाळून चित्रकाराच्या घरी नेता येई. १९४९ च्या या संचात हेन्री मूरचेही चित्र आहे. संच व्यापारात बुडाला, शाळांना ती चित्रे फार आधुनिक वाटली. मला त्या शाळांचे आश्चर्य वाटत नाही.

मूरने खडूकडून घेतले तसे पुस्तकाकडून काय घेता येईल, एवढे आता ठरवायचे होते. महिन्याभराने मी पुन्हा त्या वर्गावर गेलो. बाईंशी आधी बोलणे झाले होते. माशाच्या चित्रात त्यांचा हेतू चांगलाच होता, ज्या मुलांना काढता येत नाही त्यांनी हिरमुसू नये, आणि ही अडचण खरी आहे. म्हणून आम्ही पुस्तक वगळले नाही, ते वापरायची रीत बदलली. समुद्राचे पान पाच मिनिटे सगळ्यांत फिरवले आणि प्रश्न विचारले. या पानावर कोरा कागद कुठे कुठे आहे? हिरवा दिसतो तिथे हिरवी शाई आहे, की पिवळ्यावर निळी पडली आहे? भिंगातून पाहा. आधी काय छापले असेल? बाईंचे पुस्तक ऑफसेटवर छापलेले होते, त्यामुळे भिंगाखाली ठिपके दिसले. पण ऑफसेट म्हणजेही सेनेफेल्डरचीच युक्ती, दगडाच्या जागी अॅल्युमिनियमचा पत्रा. मग पुस्तक मिटून कपाटात ठेवले आणि मुलांना सांगितले की रात्री किंवा पाण्याखाली पाहिलेले काहीही काढा, फक्त उजेड आधी.

मी साधनांतही सुधारणा केली. झेरॉक्सचा गुळगुळीत कागद रद्द करून किंचित खरबरीत कार्ट्रिज पेपर आणला. मेणबत्ती अशा कागदाच्या उंचवट्यांनाच लागते, खळग्यांत रंग शिरतो, आणि रेघ दाणेदार येते, अगदी दगडावरच्या खडूसारखी. रंग पातळ ठेवला. दाट पोस्टर रंग मेणावर वाळून बसतो आणि चित्र मळकट होते. साबणाची बाटली घरीच ठेवली, पण एका डब्यात मुद्दाम दोन थेंब टाकून शेवटी त्याचा प्रयोग केला आणि पोकेल्सबाईंची गोष्ट सांगितली. ज्यांचे लवकर झाले त्यांना दोन टप्प्यांचे काम दिले. आधी सगळीकडे पिवळा जलरंग, तो पूर्ण वाळल्यावर मेणबत्ती, वरून निळा. मेणाखाली पिवळे राहते, बाकी हिरवे होते. एका मुलीने तिसरा थर कुठला द्यावा म्हणून विचारले, तेव्हा कलमकारीवाल्यांचे काम तिला न सांगताच कळले होते.

या वेळी चित्रांत एक लोडशेडिंगची रात्र होती, विहिरीत पडलेली बादली होती, खिडकीच्या जाळीवरचा पाऊस होता. सहा-सात मासेही होते, पण वेगवेगळे. तीन-चार मुलांना काहीच सुचले नाही, त्यांनी नुसत्या रेघा मारल्या, आणि रंग फिरल्यावर त्या रेघांत त्यांना गवत दिसले.

मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र तक्रार घेऊन आला. त्याच्या निळ्या आभाळात तीन फिकट, लांबट डाग उमटले होते आणि तिथे त्याने मेणबत्ती लावलीच नव्हती, हे तो शपथेवर सांगत होता. मधल्या सुट्टीत त्याने डब्यात काय खाल्ले ते विचारले. तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी. बोटे शर्टाला पुसून तो चित्राला बसला होता. शिळाप्रेसमध्ये घासून तयार केलेल्या दगडावर कुणाला बोट लावू देत नाहीत, कारण बोटाच्या तेलाचाही ठसा छापला जातो, हे मी त्याला सांगितले. त्याने थोडा विचार केला, पुन्हा जाऊन डबा उघडला, आणि उरलेल्या कोऱ्या कोपऱ्यात बोटांनी एक ढग काढला.